टीव्हीच्या भिंतीलगतची हिरवाई : कोणते झाड, कोणती जागा, कोणती काळजी

उज्जैनच्या रेल्वे स्थानकाबाहेर पडले की देवास गेटचा परिसर सुरू होतो. बसस्थानक, लॉज, धर्मशाळा, पोहे-जिलेबीच्या गाड्या आणि महाकाळेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूंची रिक्षावाल्यांशी चाललेली घासाघीस, असा तिथला नित्याचा गजबजाट. शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये उज्जैनहून ग्वाल्हेरला हलली, तरी त्यांच्याबरोबर आलेली कितीतरी मराठी कुटुंबे माळव्यातच राहिली. अशाच एका घरी, नात्यातल्या आत्याकडे, गेल्या मे महिन्यात दोन दिवस मुक्काम झाला. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे होता. दिवाणखान्याची एकुलती एक खिडकी उन्हामुळे दिवसभर बंद आणि कूलर अखंड चालू. तरीही टीव्हीच्या डाव्या अंगाला तिपाईवर ठेवलेला मनी प्लांट असा टवटवीत होता, की तो प्लास्टिकचा असावा अशी शंका येऊन पान चिमटीत धरून पाहावे लागले.

आत्या हसली. म्हणाली, “अगं, ही इथे राहणारी नाही. हिची बहीण वर जिन्यात आहे, उजेडात. पंधरा दिवस ही खाली, पंधरा दिवस ती. इथे कायमची ठेवली तर मरेल की बिचारी.”

दिवाणखान्यातल्या टीव्हीभोवती झाडे मांडण्याविषयी मोबाइलवर हजारो छायाचित्रे दिसतात. पण ही साधी गोष्ट त्यांतल्या फार थोड्यांसोबत सांगितलेली असते. छायाचित्र एका क्षणाचे असते, झाडाला मात्र त्या कोपऱ्यात बाराही महिने काढायचे असतात. शिवाय ती छायाचित्रे बहुधा थंड प्रदेशांतल्या, मोठ्या काचांच्या घरांतली असतात. आपल्याकडे पावसाचे चार महिने भिंती ओलावा धरतात, कपाटाच्या मागे बुरशी चढते आणि पहिल्या विजेच्या कडकडाटाबरोबर टीव्हीची पिन काढायला धावावे लागते. त्यामुळे टीव्हीचा कोपरा सजवताना झाडाच्या गरजा, संचाच्या गरजा आणि गोव्याची हवा या तिन्हींचा मेळ घालावा लागतो.

टीव्हीचे डोके गेले, सजावट खाली उतरली

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये, आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी, रंगीत चित्र आले. त्या काळचा संच म्हणजे वजनदार पेटी. काहींना लाकडी सरकते दरवाजे असत आणि त्यांना कुलूपही लावता येई. पेटीच्या सपाट माथ्यावर क्रोशाचे आच्छादन, त्यावर लग्नातला फोटो, प्लास्टिकच्या फुलांची कुंडी आणि कुणीतरी परदेशाहून आणलेली बाहुली, अशी सजावट घरोघरी एकाच साच्यातली वाटावी इतकी सारखी होती. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाल्यावर रविवारी सकाळी कित्येक घरांत टीव्हीला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई. संचाभोवती फुले-पाने मांडण्याची हौस त्या अर्थाने मुळीच नवी नाही.

पातळ पडद्याच्या संचाने माथाच काढून टाकला. आता वस्तू ठेवायच्या त्या दोन्ही बाजूंना किंवा खालच्या कपाटावर. रिकाम्या भिंतीवर काळा आयत उठून दिसू लागला आणि त्याचा काळेपणा सौम्य करण्यासाठी झाडे आली. जुन्या गोमंतकीय घरात झाडांची जागा ठरलेली असे. तुळस राजांगणात, क्रोटन आणि जास्वंद अंगणात, फार तर वसरीच्या पायरीवर दोन कुंड्या. सदनिकेत राजांगण नाही, वसरीही नाही. म्हणून ती हौस टीव्हीच्या भिंतीपाशी येऊन थांबली आहे.

अडचण उजेडाची

टीव्ही कुठे लावावा याचा पहिला नियम असा, की खिडकीचा उजेड पडद्यावर पडू नये. म्हणून समजूतदार गृहस्थ संच खिडकीपासून दूरच्या किंवा खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर लावतो. म्हणजे टीव्हीला जी जागा उत्तम, तीच बहुधा खोलीतली सर्वांत अंधारी जागा ठरते आणि नेमकी तिथेच आपण झाड ठेवायला जातो. रोपवाटिकेतून आणलेले झाड पहिले दोन महिने आधी साठवलेल्या अन्नावर निभावते, मग नवी पाने लहान येऊ लागतात, देठ लांबट होऊन उजेडाकडे झुकतात, खालची पाने पिवळी पडतात. घरातली माणसे याला ‘पाणी कमी पडले’ असे समजतात आणि आणखी पाणी घालतात. घरातली बहुतेक झाडे मरतात ती अशी, तहानेने नव्हे.

उजेड पुरेसा आहे का, हे पाहण्याची सोपी रीत आहे. ढग नसलेल्या दिवशी दुपारी, झाड जिथे ठेवायचे आहे तिथे एक पांढरा कागद धरावा आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर हात धरावा. बोटांची सावली स्पष्ट दिसली तर जवळपास कोणतेही घरातले झाड तिथे राहील. सावली पुसट पण ओळखू येण्याजोगी असेल तर काटक झाडांचेच काम. सावली दिसतच नसेल, तर ते ठिकाण झाडाचे पाहुणेघर म्हणावे. मुक्काम ठरावीक दिवसांचा.

देवास गेटच्या घरातली पाळीची पद्धत याच तिसऱ्या प्रकारच्या जागेसाठी आहे. एकाच जातीची दोन झाडे घ्यायची, शक्यतो एकाच मापाच्या कुंड्यांत. एक टीव्हीपाशी, दुसरे बाल्कनीत किंवा जिन्याच्या खिडकीत, जिथे थेट ऊन नाही पण उजेड भरपूर आहे. दर दहा-पंधरा दिवसांनी अदलाबदल. अंधारातून एकदम कडक उन्हात ठेवले तर पाने करपतात, एवढे मात्र सांभाळावे. दुसरा उपाय म्हणजे दिवा. त्यासाठी जांभळा प्रकाश टाकणारे महागडे ‘ग्रो लाइट’ हवेतच असे नाही. झाडाच्या वर फूटभर अंतरावर दहा-पंधरा वॅटचा साधा पांढरा एलईडी दिवा दिवसाला दहा-बारा तास चालू राहिला तर मनी प्लांटसारख्या झाडाचे चांगले भागते. हा दिवा पडद्यात प्रतिबिंबित होणार नाही अशा बेताने लावावा.

टिकणारी झाडे

मनी प्लांट हे मूळचे पॅसिफिक महासागरातल्या मूरेआ बेटावरचे. आपल्याकडे ते इतके रुळले आहे, की रानात झाडावर चढले तर त्याची पाने सुपाएवढी होतात. घरात मात्र ते लहानच राहते. कमी उजेडात तग धरते, पण पांढऱ्या-पिवळ्या नक्षीच्या जातींना उजेड जास्त लागतो. अंधारात त्यांची नक्षी पुसट होत जाते. टीव्हीशेजारी ठेवायचा तर साधा हिरवा घ्यावा.

स्नेक प्लांट, म्हणजे तलवारीसारख्या उभ्या पानांचे झाड, टीव्हीच्या बाजूला सर्वांत सोयीचे. ते पसरत नाही, सरळ वर जाते, त्यामुळे पडद्यावर पान येत नाही. झीझी प्लांटही तसेच. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या या झाडाला मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यांत ते पाणी साठवते. या दोघांचा गोव्यातला मोठा वैरी पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर हवेतच इतका दमटपणा असतो, की तीन-तीन आठवडे पाणी न घातले तरी चालते. दररोज सकाळी चहाच्या वेळी शिल्लक पाणी कुंडीत ओतण्याची सवय असलेल्या घरात झीझी ठेवू नये.

अरेका पाम मादागास्करचा. उंच, डौलदार, कोपरा भरून काढणारा. म्हणूनच छायाचित्रांत हमखास दिसतो. पण त्याला उजेड हवा आणि जागाही. टीव्हीपासून दोन-अडीच फूट बाजूला, खिडकीच्या अंगाला तो शोभतो. स्पायडर प्लांट लटकत्या कुंडीसाठी उत्तम. आयुर्वेदातल्या सफेद मुसळीच्या कुळातलेच हे झाड. आणि एक सूचना, जी रोपवाटिकेत सहसा मिळत नाही: विड्याच्या पानांची वेल. सौम्य उजेड, दमट हवा आणि ओलसर पण पाणी न साचणारी माती तिला मानवते. गोव्याच्या हवेत खिडकीजवळ असलेल्या टीव्हीच्या कोपऱ्यात ती मनी प्लांटइतकीच देखणी दिसते आणि जेवणानंतर पानही मिळते.

जेड, निवडुंग, कोरफड ही उन्हाची झाडे. टीव्हीजवळ ती ठेवण्यामागे ‘निवडुंग पडद्यातून येणारी किरणे शोषतो’ अशी समजूत आहे. जुन्या काचेच्या नळीच्या संचांतून किंचित क्ष-किरण निघत आणि ते अडवण्यासाठी काचेतच शिसे मिसळलेले असे. आजच्या एलईडी संचांत ती नळीच नाही. निवडुंगाला तिथे काही काम नाही आणि अंधारात तो लांबट, फिकट होऊन शेवटी आडवा होतो.

हवा शुद्ध होण्याचे काय? अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ च्या प्रयोगाचा दाखला याबाबत वारंवार दिला जातो. तो प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत झाला होता. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा खिडक्या-दारांतून सहज होणाऱ्या हवेच्या वहनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील, असा हिशेब निघाला. म्हणजे खिडकी उघडणे स्वस्त. झाड डोळ्यांना बरे वाटते म्हणून ठेवावे, ते कारण पुरेसे आहे.

अळूचे नातेवाईक

घरात रांगते मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर एवढे लक्षात ठेवावे. मनी प्लांट, पीस लिली, झीझी, सिंगोनियम, अॅग्लोनिमा आणि डिफेनबेकिया ही सगळी अळूच्या कुळातली. खाजरे अळू नीट न शिजवता खाल्ले तर घशाला काय होते, हे गोव्यात सांगायला नको. आषाढात तेरे शिजवताना आंबट का घालतात, हेही प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचा तो प्रताप. हेच स्फटिक या शोभेच्या झाडांतही असतात. मुलाने पान चावले तर ओठ-जीभ सुजते, लाळ गळते, मूल रडून आकांत करते. तोंड पाण्याने पुसून काढावे, थंड दूध किंवा पाणी द्यावे. डिफेनबेकियाच्या बाबतीत सूज घशापर्यंत जाऊ शकते, तेव्हा वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. लहान मूल असलेल्या घरात डिफेनबेकिया आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्नेक प्लांट या कुळातला नसला तरी तोही पोटाला त्रास देतो. स्पायडर प्लांट आणि अरेका पाम ही दोन्ही मुलांना आणि पाळीव प्राण्यांना निर्धोक.

बाटलीतला मनी प्लांट आणि डेंग्यू

टीव्हीच्या कपाटावर काचेच्या बाटलीत, नुसत्या पाण्यात वाढवलेला मनी प्लांट हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत लोकप्रिय प्रकार. मातीची घाण नाही, मुळे दिसतात, काचेवर उजेड खेळतो. गोव्यासारख्या प्रदेशात हाच प्रकार सर्वांत धोक्याचाही आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाणेरड्या गटारापेक्षा घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालणे पसंत करतो. अंड्यातून पूर्ण डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे सांगतो, त्याचा हिशेब हा. छपरावरच्या टाक्या, टायर, करवंट्या आपण तपासतो. दिवाणखान्यातल्या शोभेच्या बाटलीकडे कुणाची नजर जात नाही.

नुसते पाणी बदलूनही भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. नवे पाणी त्यांच्यापर्यंत चढले की ती फुटतात. म्हणून आठवड्याला एकदा, वार ठरवून, बाटली रिकामी करावी, आतून ब्रशने घासावी, मुळे धुवावीत, मग पाणी भरावे. बाटलीच्या तोंडाशी देठाभोवती कापूस किंवा जाळीचा बोळा घट्ट बसवला तर डास आत शिरत नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचणाऱ्या पाण्याचीही तीच गत. ताटलीत वाळू भरली की पाणी उघडे राहत नाही. हे जमणार नसेल तर पावसाळ्यापुरती बाटली उचलून ठेवावी आणि झाड मातीत लावावे.

संचाची बाजू

टीव्हीभोवती सर्व बाजूंनी साधारण दहा सेंटिमीटर जागा मोकळी हवी. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात हे लिहिलेले असते आणि बहुतेक घरांत ते पत्रक न उघडताच खोक्यात राहते. संच भिंतीतल्या कोनाड्यात बसवून कडेला वेली सोडल्या तर उष्णता आत कोंडते. सेट-टॉप बॉक्सवर कुंडी ठेवणे तर दुहेरी चूक: खालून झाडाची मुळे तापतात आणि वरून पाणी यंत्रात उतरते.

पाणी घालताना कुंडी उचलून न्हाणीत किंवा बाल्कनीत न्यावी, पाणी निथळू द्यावे, मग परत आणावी. झाडावर फवारा मारायचा तो टीव्हीजवळ मुळीच नाही. पडद्यावर उडालेला थेंब काचेवरून ओघळत खालच्या कडेतून आत शिरतो आणि पॅनेलच्या नाजूक जोडण्या बहुतेकदा तिथेच असतात. पॅनेल गेले की दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या किमतीजवळ पोहोचतो. पानांना चकाकी यावी म्हणून खोबरेल तेल चोळण्याची पद्धतही सोडून द्यावी. त्याने पानांची रंध्रे बुजतात आणि तेलावर धूळ अधिक बसते. ओल्या सुती फडक्याने आठवड्याला पुसले तरी पुरे.

रिमोट चालेनासा झाला की आपण सेल बदलतो, मग रिमोट आपटतो. पडद्याच्या खालच्या कडेवरच्या छोट्या संवेदकासमोर मनी प्लांटचे एक पान आलेले असते. कार्यालयातून घरी आल्यावर अर्धा तास या कारणासाठी घालवल्याचा अनुभव प्रस्तुत लेखिकेच्या नावावर आहे.

सर्वांत महत्त्वाची जागा मात्र सॉकेटची. गोव्यात मेच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट होतो, तेव्हा नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन उपटावी लागते, डिशची किंवा केबलची वायरही सोडवावी लागते. ती जागा पंधरा-वीस किलोच्या कुंडीमागे दडलेली असेल तर ऐनवेळी कुणी ती हलवणार नाही. बारा इंची मातीची कुंडी ओल्या मातीसह सहज तेवढी भरते. जड कुंड्या जमिनीवर, चाकांच्या पाटावर ठेवाव्यात. स्टँडवर उभा असलेला संच पट्ट्याने भिंतीला बांधून घ्यावा. कुंडीतले फूल ओढायला कपाटावर चढणारे मूल संच अंगावर ओढून घेऊ शकते.

माती, लाकूड आणि बाकीच्या वस्तू

आत्याच्या कुंडीतली माती काळी होती. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते, म्हणून ती तिच्यात जाडी वाळू आणि शेणखत मिसळते. उज्जैनला वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात त्याच्या तिपटीहून अधिक. आपली तांबडी जांभ्याची माती कुंडीत दाबली जाऊन घट्ट होते. तिच्यात समप्रमाणात नारळाच्या काथ्याचा भुसा आणि गांडूळखत घातले, तळाशी सोडणाचे तुकडे टाकले, तर मुळांना हवा मिळते. पाणी देण्याआधी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर तांब्या परत ठेवावा.

कपाट करवून घेणार असाल तर सुताराला प्लायवूडचा दर्जा विचारावा. सामान्य वापरासाठी आयएस ३०३ आणि पाण्याला टिकणारे आयएस ७१० असे भारतीय मानकांचे क्रमांक फळीवर छापलेले असतात. झाडे ठेवायची तर दुसरेच घ्यावे आणि कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवावे, म्हणजे मागे बुरशी आणि वाळवी चटकन दिसते.

शोभेच्या वस्तूंबाबत कमी तितके बरे. काचेच्या आणि चकचकीत वस्तू पडद्याचा उजेड परतवतात, लंबकाचे घड्याळ तर सतत लक्ष खेचते. मातकट, खरखरीत पोताच्या वस्तू टीव्हीपाशी शोभतात. डिचोलीच्या कुंभारांची लाल मातीची भांडी, सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी, कुणबी चौकडीच्या कापडाची पट्टी, आजीच्या हातचा क्रोशा हे सगळे हाताशी आहे. उज्जैनजवळच्या भैरवगडला मेण वापरून बाटिकचे छापील कापड होते. आत्याच्या कपाटावर त्याचीच पट्टी अंथरलेली होती. खिडकीच नसलेल्या खोलीत प्लास्टिकचे झाड ठेवण्यापेक्षा अशी एखादी वस्तू आणि संचाच्या मागे मंद पांढरा दिवा ठेवावा. अंधारात टीव्ही पाहताना त्या दिव्याने डोळ्यांवरचा ताणही हलका होतो.

पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन-साडेतीन फुटांवर यावा. ४३ इंची संचासाठी बसण्याचे अंतर पावणेदोन मीटर, ५५ इंचीसाठी सव्वादोन मीटर ठीक पडते. सर्वांत उंच झाड पडद्याच्या एकाच बाजूला ठेवावे. दोन्हीकडे सारख्या कुंड्या मांडल्या की लग्नमंडपाचे प्रवेशद्वार वाटते.

आणि गोव्यात शेवटचा हिशेब चवथीचा. कित्येक घरांत गणपती बसतो तो याच भिंतीपाशी आणि वर माटोळी बांधायची तीही इथेच. संच भिंतीवर पक्का ठोकलेला असेल तर त्याच्यापुढे पडदा सोडावा लागतो. कपाट चाकांचे आणि कुंड्या हलत्या असतील तर अर्ध्या तासात जागा मोकळी होते. झाडांनाही त्या निमित्ताने आठवडाभर बाल्कनीतला उजेड मिळतो.